अमेरिकेचा निकाल सातारा-सांगलीत बसून कसा वाचावा

पहाटे साडेचारचा गजर लावायची गरज नाही. त्या वेळी इंडियाना आणि केंटकी या राज्यांच्या काही भागांतलं मतदान संपतं, आणि तिथं काय लागणार हे आधीच ठरल्यासारखं असतं. सहाला उठून चहा घेतला तरी चालेल. मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असतं. तेव्हा बहुतेक वेळा आपलं घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतं, त्यामुळे खरी मजा इथल्या बुधवारी सकाळी. पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक 7 नोव्हेंबर 2028 ला आहे. 8 तारखेची सकाळ मोकळी ठेवा.

टीव्हीवर दोन्ही मुख्य उमेदवारांची देशभरातली एकूण मतं सतत दाखवतात. तिकडे बघूच नका. सांगली लोकसभा घ्या: मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत. आपल्याकडे सहाही ठिकाणची मतं एकत्र होतात. एखाद्याने जतमध्ये पन्नास हजारांचं लीड घेतलं, की बाकीच्या पाच ठिकाणी थोडंथोडं मागे पडलेलं भरून निघतं. अमेरिकेत हे भरून निघत नाही. अध्यक्ष ठरतो तो इलेक्टरांच्या, म्हणजे राज्याराज्यातून निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांवर. प्रत्येक राज्याची ही इलेक्टोरल मतं ठरलेली असतात आणि तिथं एक मत जास्त मिळालं तरी ती सगळी त्या उमेदवाराची. जतचं लीड जतमध्येच जिरलं. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प झाले, ते यामुळेच. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं आपली मतं मतदारसंघवार वाटतात.

आता कागद घ्या. एकूण इलेक्टोरल मतं 538, जिंकायला 270. डावीकडे डेमोक्रॅट लिहा आणि खाली 226. उजवीकडे रिपब्लिकन, खाली 219. 2020 आणि 2024 या दोन्ही वेळा जी राज्यं त्याच पक्षाकडे राहिली त्यांची ही बेरीज आहे, आणि 2028 लाही राज्यांचे आकडे हेच आहेत. मधे सात राज्यं लिहा: पेन्सिल्व्हेनिया 19, जॉर्जिया 16, नॉर्थ कॅरोलिना 16, मिशिगन 15, ॲरिझोना 11, विस्कॉन्सिन 10, नेवाडा 6. यातलं नॉर्थ कॅरोलिना दोन्ही वेळा रिपब्लिकनांनीच घेतलं, पण फरक इतका कमी होता की ते मधेच ठेवलेलं बरं. 2024 ला ट्रम्प यांनी सातही घेतली आणि आकडा झाला 312.

एखादं राज्य जाहीर झालं की त्या बाजूला मिळवा. रिपब्लिकनांना जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना आणि पेन्सिल्व्हेनिया मिळालं, तर बरोब्बर 270. डेमोक्रॅटांना पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन मिळालं, तर तेही बरोब्बर 270! पण त्यांच्या 226 मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या मतदारसंघाचं एक मत धरलेलं आहे. ते तेवढं निसटलं तर 269-269. मग निकाल प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात लागतो, आणि तिथं प्रत्येक राज्याला एकच मत, कॅलिफोर्निया असो की वायोमिंग.

जॉर्जियातलं मतदान आपल्या साडेपाचला संपतं, नॉर्थ कॅरोलिनातलं सहाला, पेन्सिल्व्हेनियातलं साडेसहाला, विस्कॉन्सिन आणि ॲरिझोनातलं साडेसातला, नेवाडातलं साडेआठला. मिशिगनचा बहुतेक भाग साडेसहालाच मोकळा होतो, पण पश्चिमेकडच्या एका तुकड्यासाठी साडेसातपर्यंत थांबावं लागतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मोजणीत. आपल्याकडे कितवी फेरी चालू आहे आणि एकूण किती आहेत हे बाहेर उभ्या कार्यकर्त्यालाही माहीत असतं. तिथं फेऱ्या नसतात. नकाशावर दिसणारी ‘95 टक्के मोजणी’ हाही अंदाजच, कारण टपालाने किती मतं आली हे आधी नक्की माहीत नसतं. त्यातून पेन्सिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवसाआधी फोडता येत नाहीत. म्हणून आधी केंद्रावरची मतं दिसतात, नंतर टपाली. 2020 ला पेन्सिल्व्हेनियात ट्रम्प पहिल्या रात्री सहा लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. शेवटी ज्यो बायडेन सुमारे 80 हजारांनी जिंकले. ते जाहीर झालं शनिवारी, आपल्याकडे रात्री दहाच्या सुमारास. ॲरिझोनात उलटं घडतं, आधी आलेली टपाली मतंच पहिल्यांदा बाहेर पडतात. तेव्हा आघाडी बघण्यापेक्षा कुठल्या काउंटीतली (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मतं उरलीत ते बघा. पेन्सिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया या डेमोक्रॅटांच्या गडाची मतं बाकी असतील तर डेमोक्रॅट अजून वर सरकणार.

अशा काउंट्या तीन हजारांवर. आपल्या निवडणूक आयोगासारखी सगळीकडची मोजणी सांभाळणारी यंत्रणा तिथं नाही. मतदार यादी, मतपत्रिका, मोजणी सगळं राज्याच्या कायद्याने चालतं आणि बहुतेक ठिकाणी काउंटीच्या हातात असतं. टीव्हीवर ‘जिंकले’ म्हणतात तो वृत्तसंस्थांचा हिशेब. अधिकृत मोहोर काउंटी आणि राज्य लावतं, डिसेंबरात इलेक्टर मत देतात, 6 जानेवारीला संसदेत ती मोजली जातात, 20 जानेवारीला शपथ.

उमेदवारीचा प्रकारही वेगळा आहे. 2024 ला सांगलीची जागा आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. तिथं ही लढाई आधीच, प्रायमरीत म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या निवडणुकीत होते. पक्षाचं तिकीट मतदार ठरवतात, वरून कुणी देत नाही. आणि बहुतेक राज्यांत प्रायमरीत हरलेल्याला त्याच जागेवर अपक्ष उभं राहता येत नाही. निवडून आल्यावर मात्र पक्षाचा धाक कमी. पक्षांतरबंदी कायदाच नाही.

अध्यक्ष एका पक्षाचा आणि संसद दुसऱ्याची, हे कोडं आपल्याला अवघड वाटू नये. थेट सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलकडे, मग महिनोन्‌महिने ठराव अडकलेले, हे गावोगावी पाहिलंय. तिथं त्याच्याही पुढे आहे. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बहुतेक विधेयकांना शंभरातली 60 मतं लागतात. 2025 ला दोन्ही सभागृहांत अध्यक्षांचाच पक्ष वरचढ असूनही पैसे मंजूर झाले नाहीत आणि सरकारी कामकाज 43 दिवस अडकलं.

घरातलं कुणी तिकडे असेल तर एक गोष्ट फोनवर नीट सांगा. विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा), ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना), यातल्या कुणालाही अध्यक्षपदासाठी मत नाही. मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवाल्याला प्रचारासाठी देणगी देता येते, बाकीच्या दोघांना तीही नाही. पण तिथल्या आरटीओत लायसन्स काढताना त्याच अर्जासोबत मतदार नोंदणीचं विचारतात. घाईत ‘मी नागरिक आहे’च्या चौकटीत टिक गेली आणि खाली सही झाली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा धरला जाऊ शकतो, आणि त्यात ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर जावं लागू शकतं. तिथं ‘नाही’ लिहायचं, आणि सही करण्याआधी काउंटरवरच्या माणसाने काय भरलंय ते स्क्रीनवर स्वतः वाचायचं.