मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती लांब आणि किती तास, हिशोब घरी कसा काढायचा

भाचा न्यूयॉर्कला निघाला की आईचा प्रश्न ठरलेला, "किती वाजता पोचेल रे?" आणि तिकिटावर बघितलं की गोंधळ, कारण रात्री 2 ला निघून सकाळी साडेसातला पोचणार असं लिहिलेलं, मग काय साडेपाच तासात अमेरिका? नाही हो.

आधी अंतर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी लावू नका, फसाल. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर आणि ताणून धरा. दोरा अरबस्तानावरून जाईल असं वाटतं पण तो सरळ वर सरकतो, रशिया, फिनलंड, नॉर्वे करत आइसलँडवरून खाली उतरतो, मला तर पहिल्यांदा खरंच वाटेना. आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवून बघा, अख्खा वेढा म्हणजे साधारण 40,000 किमी, त्यात हा दोरा एक तृतीयांशापेक्षा जरा कमी भरतो. म्हणजे साडेबारा हजार किमी. गूगलवर पण हेच येतं, पण दोऱ्याने बघितलेलं डोक्यात राहतं.

मग वेळ. मोठं विमान वर गेल्यावर ताशी 900 किमीच्या आसपास उडतं, 12,500 भागिले 900 म्हणजे जवळपास 14 तास, त्यात चढण्या-उतरण्याचा आणि रनवेपर्यंत रांगत जाण्याचा अर्धा-पाऊण तास टाका. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात जाताना 16 च्या आसपास लागतात आणि येताना साडेचौदा, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीवर, थंडीत तर अजूनच जोर. आणि विमान काही दोऱ्यावरूनच जात नाही, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा वळसे पडले, वेळ वाढलाच.

आता तिकीट वाचायचं. त्यावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात हे पक्कं लक्षात ठेवा. न्यूयॉर्क आपल्या मागे, थंडीत साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणून थंडीतले तिथले सकाळचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे सहा, रात्री 2 पासून सहापर्यंत 16 तास, झाला हिशोब. येताना उलटं, दुपारी 12 ला निघून पोचण्याची वेळ दुपारी 1:00 आणि तिच्यापुढे बारीक +1 दिसतो, तो +1 म्हणजे दुसरा दिवस, 25 तासांतून साडेदहा वजा केले की साडेचौदा.

तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं. मी हे एकदा विसरलो आणि तिथल्या मित्राला तासभर आधी एअरपोर्टवर उभं केलं, बिचारा पार्किंगचे पैसे भरत बसला.

दुबईवरून जाणार असाल तर अंतर फार वाढत नाही बरं का, 1,900 आणि 11,000 मिळून चार-पाचशे किमीच जास्त, वेळ खातो तो मधला थांबा, तो वेगळा मोजा.