होलो-बॉडी इलेक्ट्रिक गिटारमधील खरखर शोधणे आणि दूर करणे

होलो-बॉडी, म्हणजे आतून पोकळ, गिटारमधून खरखर येऊ लागली की बरेच वादक आधी ट्रस रॉडची (मानेचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या धातूच्या सळीची) चावी हातात घेतात आणि तपासाची दिशा तिथेच चुकते. गिब्सनने १९५८ साली आणलेल्या ईएस-३३५ मध्ये मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा असतो. १९४९ ची ईएस-१७५ किंवा १९६१ ची एपिफोन कसिनो मात्र आतून पूर्ण पोकळ असते. तिची वरची पातळ फळी प्रत्येक स्वराबरोबर थरथरते आणि कुठे एखादा स्क्रू ढिला राहिला असेल तर तोही वाजू लागतो. म्हणून तार फ्रेटला (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीला) घासते आहे की गिटारचा एखादा भाग थरथरतो आहे, हे ठरल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

हे ठरवण्यासाठी एकच स्वर वेगवेगळ्या जागी वाजवून पाहावा. मोकळ्या तिसऱ्या तारेचा जी स्वर चौथ्या तारेवर पाचव्या, पाचव्या तारेवर दहाव्या आणि सहाव्या तारेवर पंधराव्या फ्रेटवरही मिळतो. या सगळ्या ठिकाणी खरखर येत असेल, तर दोष स्वराशी बांधलेला आहे, म्हणजेच कुठला तरी भाग सैल आहे. एकाच जागी येत असेल, तर तार फ्रेटला लागते आहे. ज्या स्वराला खरखर होते, त्या स्वरासाठी हीच पद्धत वापरावी.

सैल भाग शोधताना दोन्ही हात मोकळे असलेले बरे. मोबाइलवरील टोन जनरेटरने त्या स्वराची कंपनसंख्या (वरील जी स्वरासाठी १९६ हर्ट्झ) ॲम्प्लिफायरच्या स्पीकरमधून वाजवावी, गिटार स्पीकरसमोर धरावी आणि एकेका भागावर बोट दाबत जावे. ज्या भागावर बोट टेकताच आवाज थांबतो, तो दोषी. ब्रिज (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग) आणि टेलपीस (तारांची मागची टोके अडकवलेला भाग) यांमधील तारांचा तुकडा स्वतःच वाजत असतो, त्यात फेल्टची पट्टी विणली की तो शांत होतो. जुन्या धाटणीच्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर सॅडल (प्रत्येक तारेखालचे छोटे टेकू) धरून ठेवणारी बारीक तार असते, आणि ती झणझणत असेल तर किंचित वाकवून घट्ट बसवावी. त्यानंतर पिकगार्डची पट्टी, खुंट्यांच्या चकत्या, ट्रस रॉडचे झाकण आणि पिकअपच्या स्प्रिंगा पाहाव्यात. जॅकचा (केबल खुपसायच्या खोबणीचा) पेचाचा नट आवळताना मात्र आतला जॅक फिरू देऊ नये. तो फिरला की वायर तुटते, आणि मग सगळी जोडणी एफ-होलमधून (वरच्या फळीतील एफ आकाराच्या छिद्रातून) दोरीने ओढून पुन्हा जागेवर आणण्याचे अत्यंत किचकट काम मागे लागते. आतील वायर फळीला टेकून वाजत असेल तर तिला फोमचा तुकडा गुंडाळावा. आतली ब्रेस (फळीला आतून आधार देणारी लाकडी पट्टी) सुटल्याची शंका आली तर गिटार सरळ कारागिराकडे न्यावी.

खरखर फक्त मोकळ्या तारेवर येत असेल आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावताच थांबत असेल, तर नटची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीची, खाच पाहावी. ती खोल झाली असेल तर नट बदलणे हाच टिकाऊ उपाय आहे. कधी खाचेची खोली योग्य असते, पण तिचा उतार चुकलेला असतो. मग तार खाचेच्या फ्रेटकडील कडेऐवजी मागच्या भागावर टेकते, पुढे खाचेच्या तळाला हलकेच घासत राहते आणि मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला मुद्दाम काढून देतात त्या जवारीसारखा आवाज इथे नको असताना येतो.

दाबलेल्या स्वरांवर खरखर असेल तर आधी मानेचा बाक मोजावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तार शेवटच्या फ्रेटवर दाबली असता सातव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. गॅरेजमध्ये वापरतात ते फीलर गेज यासाठी पुरते. फट फारच कमी असेल तर ट्रस रॉड डावीकडे पाव फेरा सैल करावा, गिटार पुन्हा सुरात लावावी आणि मगच परत मोजावे. यानंतर ब्रिजच्या चकत्या फिरवून बाराव्या फ्रेटवर तारेखालील अंतर सहाव्या तारेला सुमारे २ आणि पहिलीला सुमारे १.५ मिलिमीटर ठेवावे. एवढे करूनही एकाच फ्रेटवर तार घासत असेल, तर लगतच्या तीन फ्रेटवर फ्रेट रॉकर किंवा धातूची छोटी सरळ पट्टी ठेवून पाहावी. पट्टी डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. मान जिथे बॉडीला मिळते त्यापुढच्या फ्रेटवर घरी हातोडी मारू नये, कारण तिथे खाली पुरेसा भरीव आधार नसण्याची शक्यता असते.

ईएस-१७५ सारख्या गिटारचा ब्रिज फळीवर नुसता टेकलेला असतो आणि केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहतो. त्यामुळे तारा काढण्याआधी त्याच्या कडेने मास्किंग टेपची खूण करावी आणि शक्यतो एकेक तारच बदलावी. ब्रिजची उंची बदलली असेल तर शेवटी बाराव्या फ्रेटवरील हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळतात का ते पाहावे. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल टेलपीसकडे सरकवावे आणि उतरता आला तर नटकडे.