फुलं नकोत, प्रश्न न्या: साताऱ्यातून प्लांट इकॉलॉजीच्या पीएचडीकडे

मी मेढ्याची. एमएस्सी बॉटनी झाल्यावर प्लांट इकॉलॉजीच्या, म्हणजे झाडं आणि त्यांचा भोवताल यांच्या नात्याच्या अभ्यासाच्या, पहिल्या पीएचडी मुलाखतीला गेले, तेव्हा समोरच्या सरांनी विचारलं, "कशावर काम करायचंय?" मी ऐटीत म्हटलं, "कासच्या फुलांवर." ते म्हणाले, "बरं. फुलांचं काय?" पुढे मला बोलताच येईना. दहा मिनिटांत मी बाहेर.

पुढच्या वर्षी एक भिजून फुगलेली वही घेऊन गेले. या वेळी चाळीस मिनिटं बोलणं झालं आणि जागा मिळाली. मधल्या काळात मी फक्त एक पावसाळा मोजला होता. साताऱ्या-कराडकडून कुणी विचारलं की मी हेच सांगते: जाहिराती शोधायच्या आधी एक पावसाळा मोजा.

मे महिन्यात एक सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं पठार, ठरवा. कासच पाहिजे असं नाही. ते राखीव वन आहे, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे कामाला हात लावू नका. गावालगतचा मालकीचा सडा बघा, मालकाला विचारा. दर रविवारी एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येईल इतकाच लांब असावा. हौसेने लांबचा निवडलात तर जुलैच्या धुक्यात तिसऱ्याच आठवड्यात कंटाळाल.

जमिनीवर ठेवून आतली झाडं मोजायची चौकट घरीच बनते. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो. पुस्तकात एक मीटरची चौकट असते, पण गेंदाच्या, म्हणजे सड्यावरच्या गोल पांढऱ्या फुलांच्या, दाटीत एक मीटर मोजायला बसलात तर दिवस तिथेच जातो. मी अर्ध्या मीटरची केली. दहा जागा कायमच्या ठरवल्या आणि जांभ्यावर ऑइल पेंटचा ठिपका दिला. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहायच्या: कोणती झाडं, किती, त्यातली फुलावर किती, आणि माती किती खोल. खोली मोजायला आईची स्वेटर विणायची सुई नेत होते. कुठे दोन बोटं गेली की टक्कन दगड, कुठे वीतभर. पेन नेऊ नका, पहिल्याच सरीत शाई पसरते. पेन्सिल न्या.

एक राखणदार मामा दर वेळी विचारायचे, "ताई, फुलं मोजून काय मिळनार?" ऑगस्टमध्ये त्यांनीच एक जागा दाखवली. तिथे पाणी बोटभरच साचायचं, पण हटायचं नाही. तिथे सीतेची आसवे नुसती दाटली होती. एक रोप मातीसकट हळूच उचलून पाण्यात धुतलं. धाग्यासारख्या भागांवर भिंगाखाली दिसतील एवढ्या फुग्या होत्या. त्यात बारीक जीव अडकतात, आणि या निकस मातीत न मिळणारं नत्र झाडाला त्यातून मिळतं. दहा पावलांवर, माती जरा जाड होती तिथे, हे झाड औषधालाही नव्हतं. तिथे तेरडा आणि गवत. माझा प्रश्न तिथेच सापडला: कुठे काय उगवणार हे मातीच्या खोलीवर ठरतं, की पाणी किती दिवस साचतं त्यावर?

आपल्या दारातल्या प्रश्नाला बाहेर किंमत असते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली आपण फोटो काढतो. तिथेच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी काम केलं आणि २०१८ मध्ये दाखवलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी घटतात आणि सरडे वाढतात. मग त्याच सड्यावरच्या झाडांचं काय? घ्या, एक विषय फुकट.

आता पीएचडीच्या जागा. सर्वांत जवळ कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव मिरवणारा वायतुरा १९८२ मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. अशा झाडाचा जुना नमुना डोळ्यांनी पाहायला एकदा तरी जा. निव्वळ इकॉलॉजीसाठी भारतीय विज्ञान संस्था, बंगळूरचीच एट्री (ATREE) ही संशोधन संस्था आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था.

परीक्षा टळत नाही. सीएसआयआर नेट ही विज्ञानातली राष्ट्रीय पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा असते. लाइफ सायन्सेसच्या तेरा घटकांत दहावा इकॉलॉजीचा. गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेला इकॉलॉजी आणि इव्होल्यूशन असा स्वतंत्र पेपर आहे, आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे. बीएस्सीच्या मुलांनी विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप जरूर भरावी.

गाइडला मेल लिहिताना "आदरणीय सर, मला लहानपणापासून निसर्गाची आवड" हे खोडा. ती सगळ्यांनाच असते. पहिल्या दोन ओळींत तुमचा प्रश्न, मग त्यांचं कुठलं काम वाचलंत, मग वहीतला एक तक्ता. मी अकरा मेल पाठवले, तीन उत्तरं आली. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून एवढंच विचारा की थीसिस किती वर्षांत झाला. माझ्या मैत्रिणीने नाही विचारलं. तिची दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रोजेक्टची यादी करण्यात गेली.

कोयना अभयारण्यात किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात काम करायचं असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि त्यांचं कार्यालय नागपूरला. पावसाळ्यात उतरायचं तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. मी मार्चमध्ये टाकला आणि पहिला पावसाळा घरी बसून पाहिला. पत्र आलं की चार झेरॉक्स काढा, एक प्लास्टिकच्या पिशवीत कायम सॅकमध्ये.

आणि पैसे. फेलोशिप मंजूर होणं वेगळं, खात्यात जमा होणं वेगळं. माझा पहिला हप्ता सातव्या महिन्यात आला. तोवर मी मेढ्यात दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, रविवार सोडून.