मैदानातली मोटरसायकल: रस्त्यावर येण्याआधी या चुका टाळा

"मैदानातच तर चालवतोय, रस्त्यावर कुठे नेतोय?" लायसन्स नसलेल्या पोराच्या हाती किल्ली देताना घराघरांत हेच बोललं जातं. पहिली चूक इथेच होते. मोटर वाहन कायदा, १९८८ नुसार लोकांना जिथे जाण्या-येण्याचा हक्क आहे, ती प्रत्येक जागा 'सार्वजनिक ठिकाण' ठरते; तिथे डांबर असो वा नसो. गावची पाणंद, नदीकाठचा कच्चा रस्ता इथे कोणी बघत नाही म्हणून सराव चालतो, पण कायदा तिथेही लागू आहे. सराव हवा तर कुंपण घातलेली खासगी जागा शोधा आणि मालकाला विचारून घ्या.

दुसरा गैरसमज वयाचा. "सोळाव्या वर्षी बिनगिअरची चालते" हे अर्धंच खरं आहे. सोळा ते अठरा वयाला ५० सीसीपर्यंतच्याच दुचाकीची परवानगी आहे, तीही लायसन्स काढून. घरातली ॲक्टिव्हा ११० सीसीच्या आसपासची असते, म्हणजे ती यात बसत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. कॉलेज, नोकरी, सगळी ये-जा दुसऱ्याच्या मागे बसून करायची वेळ येते. याचा विचार किल्ली देण्याआधी करा.

गाडी उसळते किंवा बंद पडते

भाचीला शिकवताना मी आधी रेस (उजवी मूठ) दाखवली आणि मग क्लच (डाव्या हाताचा दांडा). जागा होती पोल्ट्रीमागची मुरमाची. तिच्या हातून क्लच एकदम सुटला, गाडी पुढे उडाली, अंग मागे फेकलं गेलं आणि त्या झटक्याने उजवी मूठ आणखी पिळली गेली. ती जितकी घाबरली तितकी मूठ घट्ट झाली, आणि मूठ घट्ट तितकी गाडी जोरात. कडब्याची गंज आडवी आली म्हणून थोडक्यात निभावलं. पोटरीवर सायलेन्सरचा रुपयाएवढा चटका मात्र उमटलाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्रम उलटा केला. सपाट जागा, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर आणि रेसला हातच लावायचा नाही. क्लच अगदी हळू सोडत आणायचा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि चाक सरकू पाहतं. तिथेच थांबायचं आणि क्लच पुन्हा दाबायचा. हे पन्नास वेळा करा, कंटाळा आला तरी करा. शंभर-सव्वाशे सीसीची बरीचशी गाडी सपाटीवर रेसशिवायही सरकते, आणि ती जागा डाव्या हाताला एकदा कळली की झटके आपोआप थांबतात. उजवं मनगट सरळ आणि कोपर सैल ठेवा. भीती वाटली की आधी क्लच दाबायचा, हे बसल्या जागी म्हणून घ्या.

शिकवणाऱ्याने या दिवसांत मागे बसू नये. दुसऱ्याचं वजन आलं की नवख्याला तोल सांभाळता येत नाही. शेजारून चालत सूचना द्या.

गिअर उलटा पडतो

स्प्लेंडरचे चारही गिअर पंजाने खाली दाबून चढतात. पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. आज काकांची, उद्या मित्राची असं केलं की पाय गोंधळतो. चढवायच्या जागी उतरवला तर मागचं चाक अडकून घसरू शकतं. शिकेपर्यंत एकच गाडी ठेवा, हलकी आणि दोन्ही टाचा जवळपास टेकतील अशी. बुलेट नंतर चालवा.

ब्रेक मारला की पडतो

"पुढचा ब्रेक मारू नको, पालथा पडशील" हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि तो चुकीचा आहे. ब्रेक लागताना सगळा भार पुढे येतो, म्हणून गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम न आवळता बोटांनी हळूहळू दाबत न्यायचा आणि सोबत मागचा लावायचा. नवखे पडतात ते हँडल वळलेलं असताना सुट्या मुरमावर पुढचा दाबल्यामुळे. आधी हँडल सरळ करा, मग थांबा.

हेल्मेट "इथल्या इथे" असलं तरी आयएसआय मार्कचंच घाला, पट्टा लावून. चप्पल नको, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पायावर गाडी पडते ती बहुतेक वेळा थांबता थांबताच.

आठच्या आकड्यात पाय टेकतो

आरटीओच्या चाचणीत पाय न टेकता आठच्या आकारात गाडी फिरवायची असते. इथेच दांडी उडते, कारण नजर पुढच्या चाकावर असते. मान वळवून बाहेर पडायच्या जागेकडे बघा, गाडी तिकडे जाते. पहिला गिअर, हाफ क्लच (इंजिनचा आवाज जड होतो त्या जागी अर्धवट सोडलेला) आणि मागचा ब्रेक किंचित दाबलेला.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी तीस दिवसांनी अर्ज करता येतो. तोवर रस्त्यावर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा. पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा सोडून मागे कोणालाही बसवू नका, मित्राला चौकापर्यंत सोडायचं असलं तरीही.