पहिल्या दीर्घिकांनी विश्व कसं आयनित केलं? मॉडेल करताना या चुका टाळा

नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा आधीच बोंबलत असतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी त्यावर विश्वाच्या आयनीभवनाचं, म्हणजे दीर्घिकांच्या प्रकाशाने हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटण्याचं, शंभर मेगापार्सेकचं (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे 33 लाख प्रकाशवर्षं) सिम्युलेशन लावायची घाई करू नका. आधी कागदावर गुणाकार करा.

रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं माप; जितकं जास्त, तितका काळ जुना) 6 ते 8 च्या सुमाराला दर घन मेगापार्सेकमागे दीर्घिकांचा अतिनील प्रकाश साधारण 10²⁶ अर्ग प्रति सेकंद प्रति हर्ट्झ. दर अर्ग प्रति सेकंद प्रति हर्ट्झमागे आयनकारी फोटॉन सेकंदाला 2×10²⁵. त्यातले दहा टक्के दीर्घिकेबाहेर निसटतात असं धरा. सेकंदाला 2×10⁵⁰ फोटॉन झाले. शंभर कोटी वर्षांत 6×10⁶⁶. तेवढ्याच घनफळात हायड्रोजनचे अणूही जवळपास तितकेच! तुमचा कोड यापासून शंभरपटीने भरकटला, तर भौतिकीला दोष देऊ नका, एककं तपासा. सहगामी (विश्वाचं प्रसरण वगळून मोजलेली) आणि प्रत्यक्ष घनता यांची गल्लत झाली असेल, तर रेडशिफ्ट 7 ला थेट 512 पटींचा फरक पडतो.

खरा घोळ होतो तो निसटण्याच्या प्रमाणात. इतक्या दूरच्या दीर्घिकांचा आयनकारी प्रकाश वाटेतला उदासीन हायड्रोजन गिळून टाकतो, म्हणून हे प्रमाण थेट मोजता येत नाही. मग जुन्या पेपरातले 20 टक्के उचलायचे, जेम्स वेब दुर्बिणीनंतरची फोटॉननिर्मितीची वाढीव किंमत त्याला जोडायची आणि आयनीभवन फारच लवकर आटोपलं की डोकं धरून बसायचं. दोन्ही आकडे एकाच गृहीतकांच्या संचातून घ्या.

दुसरी खोच: हायड्रोजन-आल्फा रेषा निसटलेल्या नव्हे, दीर्घिकेतच अडकलेल्या फोटॉनांमुळे उमटते. तिच्यावरून एकूण निर्मिती काढताना (1 − निसटलेला अंश) ने भागावं लागतं. भागायचं राहिलं, तर दहा टक्क्यांना हे खपून जातं, पन्नासला उत्तर निम्मं येतं.

तापमानावरून आयनित अणूंचं प्रमाण सांगणारं मेघनाद साहांचं समीकरण इथे वापरू नका. ते औष्णिक समतोलासाठी आहे. दीर्घिकांच्या मधल्या जागेतला वायू प्रकाशाने आयनित होतो.

शेवटी प्लँक उपग्रहाच्या 0.054 ± 0.007 या प्रकाशीय जाडीशी (वाटेतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांनी किती प्रकाश विखुरला याचं माप) ताडून पाहा. त्यात हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन हायड्रोजनसोबतच धरा. दुसरा सुटायला 54.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ते काम क्वेसारांनी (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांनी) रेडशिफ्ट 3 च्या आसपास केलं.