गार्डनं माणूस धरला, आता पुढं काय?

नवीन पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, सर आपल्याला अरेस्ट करता येतंय काय. येतंय की, पण युनिफॉर्म घातलाय म्हणून नाही. बेळगावच्या उद्यमबागेत गेटवर उभा असलेला गार्ड आणि समोर टपरीवर चहा पीत बसलेला माणूस, दोघांचा हक्क सारखाच, बीएनएसएस म्हणजे अटक-तपासाच्या नवीन कायद्याचं कलम ४० (१ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या कायद्याचं, सीआरपीसीचं ४३ होतं).

गुन्हा तुमच्या डोळ्यासमोर झालेला पाहिजे, कुणीतरी येऊन "त्यानंच नेलं" म्हटलं की लगेच कॉलर धरायची नाही. आणि तो गुन्हा दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय धरू शकतात असा) पाहिजे, अजामीनपात्रपण (जामीन हक्कानं मिळत नाही असा) पाहिजे, एकावर भागत नाही. घोळ इथंच होतोय बघा. उघड्या पार्किंगमधनं कुणी जुनं हेल्मेट उचललं, तर पाच हजाराच्या आतली साधी चोरी आता दखलपात्र नाही आणि जामीनपण मिळतो, म्हणजे अटक तुमच्या हातात नाही, वस्तू परत मागा, गाडी नंबर रजिस्टरात लिहा, ११२ ला फोन लावा. पण तेच गोडाऊनमध्ये शिरून माल उचलला तर बीएनएस म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याचं कलम ३०५ लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा, तिथं माल शंभर रुपयांचा असला तरी धरता येतं.

धरलं की पहिलं घड्याळ बघा. विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासात माणूस पोलिसांच्या ताब्यात गेला पाहिजे. रात्री दोनला धरून स्टोअररूममध्ये कोंडलं आणि "नऊला मॅनेजरसाहेब येऊ देत" म्हणून बसलात तर झाले की सात तास, चोर राहिला बाजूला आणि कोंडून ठेवल्याची केस तुमच्यावर, एक वर्षापर्यंत कैद नाहीतर पाच हजारापर्यंत दंड, दोन्हीपण होऊ शकतं. मॅनेजरची वाट बघत होतो म्हणून सुटका होत नाही तेव्हा, हे ध्यानात ठेवा.

मारायचं नाही, पळू नये एवढंच धरायचं. अंगावर आला तर स्वतःचा बचाव करा, तो हक्क वेगळा. खिसे उलटे करायचे नाहीत, झडती पोलिस घेतात. बाई असेल तर लेडी गार्डला बोलवा.

हद्दीपलीकडं शिनोळीला ड्युटी लागली तर पोलिस महाराष्ट्राचे, कायदा तोच. आपल्याकडं, बेळगावात मात्र स्टेशनात जबाब कन्नडमध्ये लिहितात, वाचता येत नसेल तर लाजू नका, "ओदि हेळ्री" (वाचून सांगा) म्हणा, वाचून घेतल्याशिवाय सही नको, आणि धरलं किती वाजता, ताब्यात दिलं किती वाजता, दोन्ही वेळा त्यात आहेत का बघूनच पेन हातात घ्या.