परदेशी डोमेन घेण्याआधी रहिवासाची अट बघा
रावेर-सावद्याच्या केळी निर्यातदारानं आधी डॉट इन हे भारताचं डोमेन (म्हणजे वेबसाइटचं नाव) घ्यावं. त्याला रहिवासाची अट नाही. फक्त नाव-पत्ता कागदपत्रांवर आहे तस्साच भरा, नाहीतर केवायसी अडकते.

खरी अडचण परदेशी डोमेनची. डॉट ईयूला युरोपीय संघातला रहिवास, नागरिकत्व किंवा तिथली कंपनी लागते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या कंपन्यांचीही डोमेनं गेली. डॉट सीएला कॅनडात नोंदलेला ट्रेडमार्क चालतो, पण त्यातले शब्द डोमेनमध्ये जसेच्या तसे हवेत.

ही अट भागवायला परदेशातला पत्ता भाड्यानं देणाऱ्या दलालापासून लांबच राहा. नोंदणी त्याच्या नावावर झाली, तर कागदोपत्री मालक तोच. म्हणून मालकाच्या रकान्यात तुमचंच नाव आणि तुमचाच ईमेल आहे ना, ते त्याच दिवशी तपासा. नूतनीकरणाची सूचना त्याच ईमेलवर येते.